तिसऱ्या देशातून पाहुण्याचा व्हिसा

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात संस्थेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. वर्षावासाचे तीन महिने या सभागृहात मंगलसुत्तावर, धम्मपदावर, पंचशीलावर बोलणे झाले आणि समारोपाला आम्ही उभे राहिलो ते व्हिसावर बोलायला! परंतु याला कारण आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर संस्थेच्या कचेरीत माणसे कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन येतात. पूर्वी त्या पिशव्यांतून शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीचे अर्ज, गिरणीच्या फंडाची कागदे निघत. आजही निघतात. पण आता त्यांच्याबरोबर पासपोर्टही निघू लागले आहेत. मुलगा दुबईला नोकरीस, पुतण्या कतारला, लेक-जावई इंग्लंडात, असे आपल्या वस्त्यांतून आता घरोघरी ऐकू येते. गिरणीत आणि विडीवर पिढी घालवलेल्या आईबापांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आणि मग एक प्रश्न हमखास येतो. आई-वडील मुलाकडे दुबईला महिना-दोन महिने जातात. तिथे गेल्यावर वाटते की आता इतके आलोच आहोत, तर इथूनच लेकीकडे इंग्लंडला जाऊन यावे. किंवा मुलगा म्हणतो, आई-बाबांना इथूनच युरोप दाखवतो. सोलापूरला परत यायचे, हुतात्माने पुणे नाहीतर सिद्धेश्वरने मुंबई गाठायची, रांगेत उभे राहायचे, पुन्हा नवे तिकीट काढायचे, त्यापेक्षा तिथूनच अर्ज केलेला काय वाईट? विचार मुळीच गैर नाही. परंतु या वाटेवर आपल्या माणसांचे पैसे बुडताना आम्ही पाहिले आहेत, आणि पैशापेक्षा मोठे नुकसानही पाहिले आहे. म्हणून आज हे बोलणे.

माणसाने एका परक्या देशातून दुसऱ्या परक्या देशात जावे यात आपल्या परंपरेला नवे काही नाही. बाबासाहेब १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला गेले ते मधे भारतात येऊन नव्हे, थेट गेले. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांच्या नावे दिलेले परिचयपत्र त्यांच्या कामी आले. पुढे लंडनहूनच ते जर्मनीत बॉनला गेले. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिलोनला जाऊन श्रामणेर झाले, तिथून ब्रह्मदेशात गेले, आणि १९१० मध्ये हार्वर्डला पोचले. पासपोर्ट आणि व्हिसाची आजची पद्धत पहिल्या महायुद्धापासून रुळली, कोसंबींच्या पहिल्या प्रवासाच्या वेळी तिचा एवढा जाच नव्हता. पण नंतरचे उदाहरण पाहा. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले तेव्हा त्यांचा ब्रह्मी पासपोर्ट भारतापुरताच चालत होता. दहा वर्षे त्यांनी भारतातच शिबिरे घेतली. भारतीय नागरिकत्व मिळाल्यावरच १९७९ पासून ते पाश्चात्त्य देशांत शिकवायला जाऊ शकले. धम्म जगाचा असला तरी धम्म सांगणाऱ्याच्या खिशातला पासपोर्ट एका देशाचा असतो.

आता मूळ मुद्दा. तिसरा देश कशाला म्हणायचे? आपला पासपोर्ट भारताचा. जायचे आहे इंग्लंडला. अर्ज करतो आहोत दुबईतून. दुबई ना आपली, ना आपण तिथे जायला निघालो आहोत, म्हणून ती तिसरी. परंतु वकिलातीच्या दृष्टीने तिथे उभी असलेली सगळी माणसे सारखी नसतात. ज्याला त्या देशाने राहण्याचा परवाना दिला आहे, जो तिथे नोकरी करतो, घरभाडे भरतो, तो तिथला रहिवासी. आणि जो तीस किंवा साठ दिवसांच्या व्हिसावर मुलाकडे आला आहे, तो तिथलाही पाहुणाच. आपल्याकडचा जुना दाखला द्यायचा तर पूर्वी रेशनकार्ड ज्या गावाचे, धान्य त्याच गावी मिळे. पंढरपूरच्या यात्रेला आलेल्या माणसाने तिथल्या दुकानदाराकडे रॉकेल मागितले असते तर त्याने काय सांगितले असते, ते आपल्याला ठाऊक आहे. मुलगा रहिवासी आहे म्हणून आईही रहिवासी ठरत नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण अर्ज भरणारा मुलगा असतो आणि त्याला स्वतःला तिथून व्हिसा सहज मिळालेला असतो.

युरोपातील शेंगेन करारातले २९ देश या बाबतीत स्पष्ट आहेत. त्यांच्या २००९ च्या व्हिसा संहितेप्रमाणे माणूस कायदेशीरपणे जिथे राहतो, तिथल्या वकिलातीने त्याचा अर्ज घ्यायचा. कोणी तिथे फक्त कायदेशीरपणे आलेला असेल, राहणारा नसेल, तर ‘मी माझ्या देशातून अर्ज का करू शकत नाही’ याचे सबळ कारण त्याने द्यायचे आणि ते पटले तरच अर्ज घ्यायचा. ‘परत जाणे खर्चाचे आहे’ हे कारण सहसा पटत नाही. जो मुलगा आखातात राहतो त्याने तिथून जरूर अर्ज करावा. मात्र त्याचा राहण्याचा परवाना परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा असे बहुतेक ठिकाणी मागतात. तीस हजार युरोंचा विमा लागतो. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. दिवस सारखे असतील तर जिथे पहिले पाऊल पडणार त्या देशाकडे. पॅरिसमध्ये पाच दिवस राहायचे आणि अर्ज मात्र जिथे लवकर तारीख मिळते त्या दुसऱ्याच देशाकडे करायचा, ही एजंटांची युक्ती आता वकिलातींना पाठ झाली आहे.

इंग्लंडचे तसे नाही. तिथे पाहुणा म्हणून जायचे असेल तर अर्ज इंग्लंडबाहेरच्या कुठल्याही देशातून करता येतो. तेव्हा दुबईत आलेल्या आईचा अर्ज तिथून करणे नियमात बसते. पण नियमात बसणे वेगळे आणि शहाणपणाचे असणे वेगळे, असे आमचे नम्र मत आहे. दिवसांचा हिशेब करून पाहा. समजा आईचा दुबईचा व्हिसा साठ दिवसांचा आहे. पहिले पंधरा दिवस मुलाच्या घरी रुळण्यात गेले. मग अर्ज भरायचा ठरला, बोटांचे ठसे द्यायला तारीख मिळाली ती आठवड्याने. त्यानंतर निकालाला साधारण तीन आठवडे. त्यात सणाची सुट्टी आली किंवा एखादा कागद कमी पडला की आणखी दिवस. शेंगेनचा निकाल पंधरा दिवसांत लागावा असा नियम असला तरी तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. आणि अनेक वकिलाती या काळात पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. पासपोर्ट त्यांच्याकडे, दुबईचे दिवस संपत आलेले, परतीच्या विमानाची तारीख उद्यावर. दिवस उलटले तर तिथे दिवसाला पन्नास दिरहम दंड आहे. साठ दिवस म्हणजे पुष्कळ, असे सोलापुरात बसून वाटते!

अमेरिकेची गोष्ट अलीकडे पार बदलली आहे आणि ती नीट समजून घ्यावी, कारण जुनी माहिती अजून फिरते आहे. करोनानंतर भारतात अमेरिकेच्या पाहुणा-व्हिसाच्या मुलाखतीला दीड-दीड वर्ष थांबावे लागत होते. तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतातील अमेरिकन वकिलातीनेच सांगितले होते की तुम्ही परदेशी जाणार असाल तर तिथल्या वकिलातीत तारीख मिळते का पाहा, आणि उदाहरण बँकॉकचे दिले होते. पुष्कळ लोक तसे गेले. परंतु ६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने नवी सूचना काढली की पाहुणा-व्हिसासारख्या व्हिसाची मुलाखत अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशातच घ्यावी. दुसरीकडे गेल्यास व्हिसा मिळणे अवघड होईल, आणि भरलेली फी परतही मिळणार नाही की दुसरीकडे वळवताही येणार नाही. तेव्हा ‘बँकॉकला चला, आठवड्यात काम होते’ असे आज कोणी सांगत असेल तर तो २०२३ सालची गोष्ट विकतो आहे.

शिवाय अमेरिकेच्या मुलाखतीचा एक मुद्दा आपल्या मायबहिणींच्या सोयीचा आहे. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतूनही देता येते. ज्या आईला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही, तिने परमुलखात दुभाष्याच्या भरवशावर आपल्या घरादाराचे उत्तर का द्यावे? बहुतेक मुलाखती दोन-तीन मिनिटांच्या असतात. तेवढ्यात आपले म्हणणे आपल्या भाषेत सांगता येणे याची किंमत मोठी आहे.

आता भिक्खू संघाबद्दल थोडे सांगतो, कारण यातला प्रश्न फार वेगळा आहे आणि त्यावर कोणी लिहीत नाही. आपल्या भागातील तरुण भिक्खू पालीच्या आणि धम्माच्या अभ्यासासाठी श्रीलंकेत व थायलंडमध्ये राहतात. त्यांना इंग्लंडातल्या एखाद्या विहाराचे वर्षावासानंतरच्या कार्यक्रमाचे निमंत्रण येते. अर्ज कुठून करायचा? तिथे शिक्षणासाठी राहण्याचा परवाना असेल तर ते तिथलेच रहिवासी, तिथूनच करावा. पण अर्जात पगाराचा दाखला मागतात, भंतेजींना पगार नाही. बँकेचा उतारा मागतात, विनयाप्रमाणे राहणाऱ्या भिक्खूचे खाते असेलच असे नाही. मायदेशी परतण्याचे कारण विचारतात आणि ज्याने घर सोडले त्याला घराबद्दल विचारतात. अशा वेळी निमंत्रण देणाऱ्या विहाराने प्रवास, निवास व भोजनाचा सगळा भार आपण उचलत असल्याचे हिशेबासह लिहून द्यावे, आणि ज्या विहारात भंतेजी राहतात तिथल्या प्रमुखांनी ते कधीपासून राहतात, काय शिकतात, परत येऊन काय करणार आहेत, हे लिहून द्यावे. इंग्लंडच्या नियमात परदेशस्थ धर्मोपदेशकाने पाहुणा म्हणून येऊन प्रवचन करण्यास मोकळीक आहे, मात्र तिथे पद धरून राहता येत नाही.

नावाचे काय? पासपोर्टवर गृहस्थ असतानाचे नाव, निमंत्रणपत्रावर प्रव्रज्येनंतरचे नाव. कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती दोन माणसे दिसतात. निमंत्रणपत्रात दोन्ही नावे आणि पासपोर्टचा क्रमांक एकत्र लिहावा आणि उपसंपदेचे प्रमाणपत्र जोडावे. एवढ्या एका ओळीने अडलेले काम सुटलेले आम्ही पाहिले आहे.

नावाचा हा घोळ भिक्खूंपुरता नाही. खरे सांगायचे तर आपल्या समाजाची निम्मी अडचण नावात आणि जन्मतारखेतच आहे. इथे हात वर करायला सांगितले तर १ जूनला जन्मलेली किती माणसे या सभागृहात निघतील! मास्तरांनी शाळेत नाव घालताना तारीख विचारली, आईला तारीख नव्हती, पाऊसकाळ होता एवढे आठवत होते, मास्तरांनी १ जून लिहून टाकले. ती तारीख आता पासपोर्टवर आहे आणि तीच खरी धरावी. आधारकार्डावर एक, निवडणूक ओळखपत्रावर दुसरी, गिरणीच्या पेन्शनच्या कागदावर तिसरी असेल तर सगळी पासपोर्टशी जुळवून घ्यावी, आणि हे काम सोलापुरातच होते, दुबईत होत नाही. तिसऱ्या देशातून अर्ज करणाऱ्याची मोठी अडचण हीच. वकिलातीने एक कागद मागितला की तो इथे कुणाच्या तरी पेटीत असतो, आणि शेजाऱ्याने फोनवर काढून पाठवलेले अर्धे कापलेले चित्र चालत नाही.

आडनावाचेही तसेच. काहींनी शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव बदलून दुसरे लावले, काहींनी गावावरून लावले. बदल केला असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नोंद जपून ठेवावी. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर कधी माहेरचे नाव, कधी सासरचे, तर कधी आडनावाचा रकानाच कोरा. हा कोरा रकाना महागात पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशाला पाहुणा म्हणून येऊ देणार नाही असा नियम केला, तेव्हा कितीतरी जणांना ऐन वेळी कळले की आपले आडनाव पासपोर्टवर नाहीच. पुढे मागच्या पानावर वडिलांचे वा घराण्याचे नाव असल्यास सवलत मिळाली, तरी पासपोर्टच नीट करून घेणे बरे. सोलापुरात पोस्टाच्या कचेरीत पासपोर्ट केंद्र झाल्यापासून पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत.

अमेरिकेच्या अर्जात एक प्रश्न असा आहे की आपण एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात काय? आपल्यातले काहीजण तिथे थबकतात. एकाने जुने जातीचे नाव लिहून आणले होते. विचारले तर म्हणाले, सरकारी कागद आहे, जात लिहावीच लागत असेल. बंधूंनो, शाळेच्या दाखल्यापासून स्मशानाच्या पावतीपर्यंत आपल्याला ती सवय लागली आहे. पण त्या प्रश्नाचा रोख जातीवर नाही. तिथे ‘नाही’ एवढेच लिहावे असे आम्ही सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे नागपुरात सोडून आलो, ते अमेरिकेच्या कागदावर कोणी न मागता पुन्हा का लिहायचे?

आता एजंटांबद्दल. सगळे वाईट नसतात हे आधी सांगतो. परंतु आपल्याच वस्तीतील एका माउलीची हकीकत, नाव न घेता, सांगितल्यावाचून राहवत नाही. तीस वर्षे विड्या वळून मुलांना शिकवलेली बाई. मुलाकडे दुबईला गेली. इंग्लंडातल्या लेकीचे पहिले बाळंतपण जवळ आले होते. तिथल्या एजंटाने सांगितले की विडी कामगार म्हटले तर व्हिसा मिळणार नाही, आपण तुमचे सोलापुरात शिवणकामाचे दुकान दाखवू. खात्यात आठ दिवसांसाठी चार लाख रुपये आणून ठेवले, दुकानाचा खोटा परवाना जोडला. बाईंनी इंग्रजी कागदावर सही केली. तपासात दुकान निघाले नाही, सही त्यांची म्हणून दोषही त्यांचा धरला गेला. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे फसवणुकीला दहा वर्षांची बंदी आहे. अमेरिकेत तर ती कायमची, खास माफी मिळाली तरच सुटते. तो नातू आता शाळेत जातो. आजी त्याला फोनवरच ओळखते.

चवथे शील आपण रोज घेतो, ते इथे आठवावे, एवढेच नाही. खोट्याची गरजच नव्हती! त्यांच्याजवळ विडी कामगाराचे ओळखपत्र होते, महानगरपालिकेची घरपट्टीची पावती त्यांच्या नावे होती, मालकांच्या मागे मिळणारे गिरणीच्या फंडाचे पेन्शन पासबुकात दर महिन्याला जमा होत होते, धाकटा मुलगा आणि सून याच घरात राहतात. ही बाई परत येणार, याचा याहून चांगला पुरावा कोणता? खर्च लेकीने उचलला असता तरी चालले असते, नियमात त्याला वाव आहे. लेकीने पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार आणि स्वतःचे पत्र द्यायचे. गरिबी लपवावी लागते असे आपल्याला कोणी शिकवले? अचानक आलेल्या चार लाखांपेक्षा दर महिन्याचे दीड हजार अधिकाऱ्याला खरे वाटतात.

नकार आलाच तर तो लपवू नये. पुढच्या प्रत्येक अर्जात ‘पूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का’ असे विचारतात. साधा नकार हा गुन्हा नव्हे, त्याचे कारण दूर करून पुन्हा अर्ज करता येतो. लपवला तर तो फसवणुकीत जातो.

पोरांसाठीही एक सांगणे आहे. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर नोकरीसाठी जाताना सरकारी तपासणी लागते, १९८३ च्या कायद्याप्रमाणे ती त्याच्याच रक्षणासाठी आहे. ती चुकवण्यासाठी एजंट त्याला पाहुण्याच्या व्हिसावर आखातात नेतात आणि तिथून पुढे युरोपात पाठवतो म्हणतात. तो तिथे रहिवासी नसतो, कामगारही नसतो, त्याचा अर्ज कोणी घेत नाही. मग पैसे आणि पासपोर्ट दोन्ही एजंटाकडे. लुंबिनीला जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण नेपाळातून पुढे तिसऱ्या देशात जायचे तर काठमांडूच्या भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र मागतात. २०२१ मध्ये करोनाच्या काळात त्यातून साठ दिवसांची सूट दिली होती. तेवढ्यावरून काहींना अजून वाटते की काठमांडूहून कुठेही जाता येते.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र शासनाने घेऊन २०१५ मध्ये स्मारक म्हणून खुले केले. ते पाहावे अशी इच्छा पुष्कळांनी बोलून दाखवली आहे. ज्यांची मुले आखातात आहेत त्यांनी दोन्ही प्रवास एकाच खेपेत करायला हरकत नाही. फक्त इंग्लंडचा व्हिसा इथून, आपल्या कागदांसह, आधी घ्यावा आणि मग दुबईमार्गे जावे.

संस्थेच्या कचेरीत दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दुपारी एक वाजेपर्यंत आम्ही बसतो. मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर दोन निवृत्त शिक्षक करून देतात आणि त्याखाली भाषांतर बरोबर असल्याचे लिहून नाव, पत्ता, तारीख व सही करतात, कारण इंग्लंडच्या अर्जाला तसे लागते. त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. येताना मूळ कागद आणावेत, शाळेच्या दाखल्याला प्लास्टिक चढवू नये, आणि ज्यांच्या नावाने अर्ज करायचा त्यांना स्वतः बरोबर आणावे. मुलगा फोनवर सांगतो त्याप्रमाणे आम्ही भरत नाही, आईला विचारून भरतो.

जयभीम. नमो बुद्धाय.